कळशीचा रंग

तांब्याला घाई चालत नाही, असं ती प्रत्येकाला सांगायची. दारात उभं राहून एखादं गिऱ्हाईक 'कधी मिळेल' म्हणून विचारू लागलं, की ती त्याला आत बोलवायची, खुर्ची द्यायची आणि खिडकीपाशी ठेवलेल्या कुठल्यातरी जुन्या भांड्याकडे नुसतं बघत बसायला लावायची. थोड्या वेळानं माणूस मनगटावरचं घड्याळ विसरायचा. काही जण तर बसल्या जागी पेंगायचे. तिच्या नवऱ्याची बेकरी होती आणि त्याला जगातल्या कुठल्याच गोष्टीचं फारसं कौतुक नव्हतं. त्याचं म्हणणं, हिच्या खोलीत औषधांच्या वाफा भरलेल्या असतात म्हणून लोक डुलक्या घेतात, त्यात तांब्याचं कर्तृत्व काही नाही.

गल्लीत तिला तांबेवाली म्हणत. किटल्या, दिवे, दारांच्या मुठी, छपरावर वाऱ्याबरोबर फिरणारे कोंबडे, असलं जुनं तांब्याचं सामान तिच्याकडे दुरुस्तीला यायचं. जुनं तांबं साफ करायचं म्हणजे घासून लख्ख करायचं, अशी लोकांची पक्की समजूत, आणि या एका समजुतीवर ती जन्मभर चिडत आली होती. तांबं जन्मतं तेव्हा नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखं लालगुलाबी असतं. मग हवा लागते, पाणी लागतं, माणसांचे हात लागतात, आणि त्यावर रंग मुरत जातो. आधी मधाचा, मग तपकिरी, मग जांभळट काळा, खाचाखोचांत कुठे मऊ हिरवा. हा रंग म्हणजे मळ नव्हे, हे सांगता सांगता तिचा घसा कोरडा पडायचा. मळ काढा, वय काढू नका, असं ती म्हणायची. पण लोकांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कोणीतरी हौसेनं पावडर लावून पणजोबांची किटली नव्या नाण्यासारखी करून आणायचंच, वर शाबासकीची वाट बघत उभं राहायचं.

मग गेलेला रंग परत आणणं हे तिचं काम. गंधकाचं पाणी कुंचल्यानं लावायचं, धुवायचं, पुन्हा लावायचं. लाकडाच्या भुशात अमोनिया शिंपडून भांडं पेटीत झाकून ठेवायचं आणि आत काय चाललंय ते बघण्याचा मोह आवरायचा. झाकण उघडल्यावर कधी कधी असा रंग हाती यायचा, की ती उभ्या उभ्या हरवून जायची. तिला वाटायचं, काळ कुठे जात नाही, तो असाच वस्तूंवर पातळ बसून राहतो.

तिची आई तिच्याकडे राहायला आली तेव्हा ती अर्धीच आली होती. उरलेली अर्धी मागच्या काही वर्षांत कुठे कुठे सांडून गेली होती. आधी नावं गेली, मग वार, मग माणसं. मुलीकडे ती ओळखीच्या दुकानदाराकडे बघावं तशी बघायची, म्हणजे सौजन्यानं. जावयाला मात्र बघून हसायची, कारण त्याच्या अंगाला पावाचा वास यायचा. तो पहाटेपासून भट्टीवर असायचा आणि दुपारी येऊन झोपायचा. त्यामुळे त्या घरात भर दुपारी पडदे ओढलेले, कोणी तरी घोरतंय, आतल्या खोलीत वाफा तरंगताहेत आणि आई खिडकीजवळच्या पलंगावर बसून चादरीवरून गोल गोल हात फिरवतेय, असं काहीसं संथ चाललेलं असायचं. डॉक्टर म्हणाले होते, अशा रुग्णांचे हात असे चाळे करतात, लक्ष देऊ नका.

लक्ष द्यायचं होतं ते निराळ्याच गोष्टीकडे. आईनं पाणी पिणं सोडलं होतं. जेवण घास-दोन घास जायचं, सूप भरवलं तर उतरायचं, पण पाण्याचा पेला ओठांशी नेला की ती तोंड घट्ट मिटायची. काचेचा पेला झाला, स्टीलचा झाला, नळी झाली. साखरपाणी, सरबत, लाडीगोडी, दटावणी, सगळं झालं. आईची जीभ कोरडी पडली, ओठांना भेगा गेल्या, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल, म्हणजे दवाखान्यात ठेवणं आलं. मागच्या वेळी दवाखान्यात आईनं सुई उपसून काढली, म्हणून तिचे हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. त्यात कोणाचा दोष नव्हता, पण परत आली ती आणखी थोडी कमी होऊन. आता गेली तर काहीच परत येणार नाही, हे तांबेवालीला पक्कं ठाऊक होतं.

आई पाण्याबद्दल एवढंच बोलायची, "आमची कळशी आणा."

कळशी होती. आईच्या माहेराहून आलेली, ठोक्याच्या कामाची, तांब्याची. तांबेवालीचं सगळं बालपण त्या कळशीच्या शेजारी गेलं होतं. तेव्हा आई सूतगिरणीत कामाला होती, पाळ्या करायची. शाळेतून आल्यावर शेजाऱ्यांकडून किल्ली घ्यायची, कुलूप काढायचं, आणि स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती कळशी बसलेली असायची. गर्द तपकिरी, खांद्यावर काळपट, गळ्याखाली जांभळी झाक. तापलेलं कपाळ तिच्या गार पोटाला टेकवून ती छोटी मुलगी उभी राहायची आणि मग तिला घरी आल्यासारखं वाटायचं. पुढे मोठेपणी ती तांब्याच्या रंगाच्या मागे का लागली, असं कोणी विचारलं तर ती काहीबाही सांगायची, पण खरं कारण त्या कोपऱ्यात होतं.

कळशी धाकट्या भावाकडे गेली होती. तिनं फोन केला तेव्हा तो जरा अडखळला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कळशी घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि चहाला न थांबता निघाला. का, ते कळशीवरचं कापड सोडल्यावर कळलं. भावजयीनं हौसेनं कळशीला सोनेरी ऑइल पेंट दिला होता. वर निळ्या रंगाची वेलबुट्टी काढून तिच्यात वाळलेली फुलं खोचली होती, ती फुलंसुद्धा धाकट्यानं प्रामाणिकपणे बरोबर आणली होती. रंग नीट बसावा म्हणून आधी पॉलिश पेपरनं घासूनही घेतली होती. आता भावजय मनानं वाईट नव्हती, पण असल्या हौशी माणसांपेक्षा चोर परवडले, चोर निदान वस्तूला रंग देत नाहीत. तांबेवाली पार रडकुंडीला आली. नवऱ्यानं एक डोळा उघडून कळशीकडे पाहिलं, लग्नाच्या हॉलमध्ये शोभेल असं म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

मग ती कामाला लागली. रंग काढायचं औषध लावून तिनं सोनं उतरवलं, वेल उतरवली. खाली जागोजाग हिरव्या भुकटीचे फोड होते, ते लाकडी काडीनं एकेक कोरून काढले. आतून कळशी लिंबू-मिठानं धुतली, उकळतं पाणी भरून ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं, कारण त्यातलं पाणी आईच्या पोटात जायचं होतं. एवढं करून जी कळशी हाती आली ती ओरखड्यांची, ठिकठिकाणी उघडी पडलेली, खरूज झालेल्या जनावरासारखी दिसत होती. हिला बघून आई ओळखणार नाही, तिच्या मनानं घेतलं. आईला तिची कळशी हवी तर कळशीला तिचं वय परत द्यायला हवं.

त्या दिवसांत तिनं बाकी सगळी कामं बाजूला सारली. उन्हं खोलीत येत आणि जात. कळशी वाफेत बसायची, बाहेर यायची, धुतली जायची, परत आत जायची. तांबेवाली डोळे मिटून कोपरा आठवायची, किल्लीचा आवाज, गार पोट, आणि डोळे उघडून कुंचला उचलायची. एक थर मधाचा झाला. त्यावर तपकिरी चढला. खांदा काळवंडला. जिथे कळशी कमरेवर टेकवली जायची तिथे तिनं बोटाला मेण घेऊन रंग हलकेच पातळ केला. शेवटी एका दुपारी, नवरा घोरत असताना, गळ्याखाली ती जांभळी झाक आपण होऊन उमटली, आणि तिला क्षणभर वाटलं की आता दार वाजेल आणि पाळी संपवून आई घरात येईल. इतकं सुंदर काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. हे तिचं तिला कळलं आणि तिला फार आनंद झाला, उगाच खोटं कशाला सांगा.

तिनं कळशी आतून पुन्हा उकळत्या पाण्यानं धुतली आणि पाण्यानं भरून आईसमोर स्टुलावर ठेवली. आईनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कोणाची?" आई म्हणाली. "ही आमची नाही."

पेला पुढे केला तर तोंड मिटलेलंच.

दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं काहीतरी खाली पडावं, तसं तांबेवालीला झालं. पण हार मानली तर ती तांबेवाली कसली. तिला वाटलं, आपलंच चुकलं असणार, रंग एखाद्या छटेनं हुकला असणार. तिनं मावशीला फोन केला, मावशीला ऐकू येत नव्हतं. जुने फोटो काढले, ते काळेपांढरे. कळशी पुन्हा पेटीत गेली, आणखी गडद झाली. आईनं नाक मुरडलं. मग थोडी उजळ केली. आईनं पाहिलंसुद्धा नाही. नवरा एकदा जांभई देत म्हणाला, काखेत कळसा आणि गावाला वळसा, अगं, जिची कळशी आहे तिलाच विचार की. त्यावर ती फणकारली, सकाळी काय खाल्लं ते जिला आठवत नाही तिला काय विचारू? त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला तेवढं कळतं.

डॉक्टर येऊन गेले. आईची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती. उद्यापर्यंत बघू, मग दाखल करू, असं ते म्हणाले. तांबेवालीनं मान हलवली, आणि मग कपाटातून आईची छोटी पिशवी काढून तिच्यात कपडे भरायला घेतले. भरता भरता तिचे हात थांबायचे. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की गल्ली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. नवरा झोपलेला. सगळं शांत, आणि त्या शांततेत कुठूनतरी खर्र खर्र असा आवाज येत होता. ती आधी ऐकून न ऐकल्यासारखी बसली. मग तिच्या लक्षात आलं की पलंग रिकामा आहे.

आई मागच्या अंगणात उकिडवी बसली होती. एरवी हिला धरून उठवावं लागायचं, ती आज एकटी तिथवर पोचली होती. कुंडी आडवी पडली होती आणि आईच्या मुठीत त्यातली माती होती. मांडीशी कळशी घेऊन ती मातीनं कळशीचा खांदा घासत होती, गोल गोल, जीव लावून, जसा चादरीवरून हात फिरवायची तसाच. जांभळी झाक गेली होती. तिथे लाल ओरखडे उमटले होते.

तांबेवालीच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिचं आयुष्यभराचं वाक्य होतं, गिऱ्हाइकांवर वापरून वापरून धार आलेलं.

"हात लावू नकोस! वाट लावलीस सगळी."

आणि तिनं कळशी हिसकावून घेतली. आई मागे सरकली. मातीचे हात तिनं छातीशी घेतले, खांदे आवळले आणि मान खाली घालून पुटपुटली, "आई रागवेल."

म्हातारीच्या तोंडी तो शब्द ऐकून तांबेवाली जागच्या जागी थांबली. कोणाची आई? समोर बसलेल्या बाईला आईची भीती वाटत होती. भीती खरी होती, ताजी होती, आत्ताच्या दुपारची होती. तांबेवालीनं खाली वाकून तिचा चेहरा पाहिला आणि तिला पहिल्यांदा दिसलं की या डोळ्यांतून जी बघतेय ती कोणी म्हातारी नाही. ती एक लहान मुलगी आहे. तिच्या घरात कळशी आहे, आणि ती रोज घासली जाते.

मग तिला एकेक कळत गेलं, आणि कळताना नको वाटत गेलं. तपकिरी कळशी आईची नव्हतीच. आईची कळशी लाल होती, लख्ख होती, रोज माती नि राख लावून उजळलेली. लग्न झालं, गिरणी आली, पाळ्या आल्या. दिवसभर धाग्यांत उभी राहिलेली बाई घरी येऊन भाकरतुकडा करील की कळशी घाशील? कळशी काळवंडत गेली आणि आईला तिच्याकडे बघायला सवड नव्हती. पण कोपऱ्यात उभी राहणारी पोर बघत होती. कळशी घरी असायची, आई नसायची. ज्या रंगाच्या प्रेमात पडून तिनं सगळं आयुष्य काढलं, तो रंग आईच्या थकव्याचा होता. आणि तोच तिनं मोठ्या हौसेनं, थरावर थर देऊन, आईपुढे आणून ठेवला होता. भावजयीला नावं ठेवली होती तिनं. भावजयीनं निदान सोनेरी दिला होता.

ती कळशी पोटाशी धरून बराच वेळ उन्हात उभी राहिली. तिनं कपाळ एकदा तिच्या काळ्या खांद्याला टेकवलं. तांबं उन्हानं तापलं होतं, तरी टेकवलं. मग ती आत गेली, नवऱ्याला हलवून जागं केलं आणि भट्टीतली राख आणायला सांगितलं, बारीक, चाळलेली. तिच्या तोंडाकडे बघून तो तसाच चपला घालून गेला आणि पिशवी भरून राख घेऊन आला.

त्या दोघी अंगणात समोरासमोर बसल्या. मध्ये कळशी, बाजूला राख, मीठ, लिंबाच्या फोडी. आईनं आधी तिच्याकडे भीत भीत पाहिलं. तांबेवालीनं स्वतः राखेत बोटं बुडवली आणि पहिला हात मारला. तो सोपा नव्हता. ज्या हातांनी इतक्या वर्षांत कोणाला असं करू दिलं नव्हतं ते हात आधी चालेनात, आणि चालू लागले तसे तिचे डोळे भरून आले. काळा गेला, तपकिरी गेला, मधाचा गेला. राखाडी ओघळ फरशीवरून मोरीकडे वाहत होते आणि त्यात ती अंधारी खोली, ते कुलूप, शाळेतून आलेली ती पोर, सगळं वाहून चाललं होतं. तिनं ते जाऊ दिलं. समोर आई घासत होती. तिच्या दंडात कुठून बळ आलं होतं कोणास ठाऊक. ती जीभ ओठात दाबून घासत होती आणि मधूनच गळ्याच्या वळणात बोट घालून तिथला काळा धागाही काढत होती. काम तिला येत होतं, उत्तम येत होतं. कधी शिकली, हे मुलीनं कधी विचारलंच नव्हतं.

उन्हं कलली. आईनं कळशीवर पाणी ओतलं आणि राख उतरली. आत होती ती कळशी तांबेवालीनं जन्मात पाहिली नव्हती. एखाद्या उगवत्या गोष्टीसारखी ती अंगणात बसली होती, तिचा लाल उजेड आईच्या हनुवटीवर, भिंतीवर, उलटलेल्या कुंडीवर पडला होता. तांबेवालीला कबूल करावं लागलं की ती सुंदर आहे. दारात उभा असलेला नवराही पुढे येऊन बघू लागला.

आईनं कळशी फिरवून फिरवून चारी बाजूंनी पाहिली. पदरानं पुसली. मग तिनं मुलीकडे पाहिलं. सौजन्यानं नव्हे. कित्येक महिन्यांत तिनं कोणाकडे असं पाहिलं नव्हतं, इतकं ओळखीनं, इतक्या भरवशानं.

"आई," ती तिला म्हणाली, "झाली का गं लख्ख?"

तांबेवालीनं सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिला आत काहीतरी तुटल्यासारखं झालं, कारण आता या जगात तिला मुलगी म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पण समोरची पोर उत्तराची वाट बघत होती.

"झाली," ती म्हणाली. "छान घासलीस."

आईचा चेहरा खुलला. भेगाळलेल्या ओठांवरून तिनं कोरडी जीभ फिरवली.

"मग आता पाणी पिऊ?"

तेव्हा तांबेवालीला उमगलं. इतके दिवस ही तोंड मिटून बसली होती ती हट्टानं नव्हे. कळशी घासल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असं हिला कधी काळी कोणीतरी सांगितलं होतं, आणि ही शहाण्या मुलीसारखी तहानलेली बसून होती. कोणी हो म्हणेल याची वाट बघत होती.

"पी बाळा," ती म्हणाली.

नवऱ्यानं आणलेल्या बादलीभर पाण्यानं तिनं कळशी विसळली, काठोकाठ भरली, पेला बुडवला आणि आईच्या हातात दिला. आईनं तो दोन्ही हातांनी धरला आणि गटागटा प्यायली. श्वास घ्यायला थांबली, हनुवटीवरचं पाणी मनगटानं पुसलं आणि पेला पुन्हा पुढे केला.